समुद्रात घातलेली पळी

माझ्या हातून झालेलं बरं काम मला आठवत नाही, पण लाज वाटलेली एकेक गोष्ट तारीखवार आठवते! हल्ली तर लय जमल्यात. माझी नात सुप्रिया कराडला एका कॉलेजात समुद्राचा अभ्यास करते, तोही कॉम्प्युटरवर. मी कोरेगावाहून तिच्या सोबतीला आले. दुपारी लॅबमध्ये डबा पोचवते. शाळा मी बघितली नाही. मी सांगतेय अन् मेघा लिहून घेतेय. मेघा सांगलीची, सुप्रियाच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसते.

*

पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमी करता तरी काय गं?"

सुप्रिया म्हणाली, "आजी, समुद्रात पाण्याचे थर असत्यात. वरचं गरम, जास्त खारट. खालचं गार, कमी खारट. गरमी पटकन खाली जाती, मीठ मागं राहतं. मग ते गार झालेलं खारट पाणी जड होऊन शेवयांसारखं खाली उतरतं. कसं मिसळतं, त्याचं गणित कॉम्प्युटर करतो."

"आन कराडला समुद्र कुठाय?"

लॅबभर हशा! मी डबा तिथंच टाकून घर गाठलं.

*

एकदा कॉम्प्युटर आठ दिवस बंदच केला नाही. म्हटलं, "एवढ्यात समुद्रात किती मिसळलं?"

"एका तासाचं झालं, आजी."

"आठ दिवसांत तास? त्यापरीस समुद्रावरच जाऊन बसा की!"

मेघा हसली, सुप्रिया हसली नाही. त्या एका तासासाठी ती चार महिने खपली होती, हे मला मागाहून कळलं.

*

गावाकडं गेले की बायका विचारायच्या, "नात काय करती?" पाणी मिसळताना बघते, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? एकदा म्हणून टाकलं, "पाणीपुरवठ्यात साहेब हाय!"

दोन दिवसांत सरपंचांचा फोन, थेट सुप्रियाला! "ताई, आपल्या आळीला चार दिस पाणी न्हाई. तुमी घरच्या हाय, जरा सोडा की!"

तिनं फोन ठेवला. "आजी, माझं काम सांगायची तुला लाज वाटती व्हय गं?"

मी नुसतीच तांदूळ निवडत राहिले.

*

मग ते काचेच्या पेटीचं. पुण्याचे मोठे सर येणार होते. सुप्रियाचं काम पुढं चालू ठेवायचं का बंद करायचं, ते ठरवणार. कॉम्प्युटरवर दिसतं तेच खऱ्या पाण्यात दाखवायचं म्हणून पोरींनी सकाळपासून पेटीत थर रचले. खाली गार, बिनरंगी. वर गरम, खारट, लाल. मी डबा घेऊन गेले तर दोघी सरांना आणायला फाटकावर.

मला वाटलं, पाहुण्यांचं सरबत! हल्ली लग्नात काचेच्या भांड्यात ठेवत्यातच की. बोट घालून चाखलं, तर नुसतं मीठ. म्हटलं, साखर तळाला बसलीया, पोरींनी ढवळलंच नाही. डब्याबरोबरची आमटीची पळी धुतली अन् पार तळापासून ढवळलं!

सर आत आले तेव्हा पेटी वरपासून खालपर्यंत गुलाबी. मी पळी पदराआड धरली. सुप्रियानं ती बघितली. बघून सरांना म्हणाली, "सर, माझी चूक. थर नीट बसले नाहीत."

माझ्यासाठी पोरगी खोटं बोलली. जमीन फाटावी असं झालं.

"साहेब, मी ढवळलं," म्हटलं. "तिचं काम बंद करू नगा."

सरांनी वही काढली. "किती वेळ ढवळलंत? किती जोरात?"

म्हटलं, झाला पंचनामा! "आमटी ढवळत्यात तेवढंच, साहेब."

सर पोरींकडं वळले. "समुद्रालाही वारा ढवळतो. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ढवळणारं कोण आहे?"

"कुणीच नाही, सर," सुप्रिया म्हणाली.

"आठ दिवसांनी येतो. कॉम्प्युटरमध्येही ढवळून बघा. पेटीशी जुळलं, तर काम चालू."

*

आठ दिवसांनी पेटीत पुन्हा थर. लाल पाण्यातून खरंच शेवयांसारख्या धारा खाली लोंबत होत्या. कॉम्प्युटरमध्ये पोरींनी ढवळून ठेवलेलं, आता पेटीत तसंच होतं का ते बघायचं होतं. कॅमेरा चालू. सर वही घेऊन उभे, सगळी लॅब गोळा झालेली, अन् माझ्या हातात पळी. सारा जन्म चुलीपुढं गेला, पण त्या दिवशी हात हलेना!

"आजी, ढवळ की," मेघा म्हणाली.

"न्हाई गं. पोरीनं एवढं रचलंय. बिघडंल."

सुप्रिया जवळ आली. माझा पदर सारखा केला अन् कानाशी म्हणाली, "बिघडव!"