समोरच्या भिंतीचा दगड

आमच्या परभणीत घर बांधणारा माणूस समोरच्या बाजूसाठी जीव टाकतो. बाकी तीन भिंतींना गिलावा नसला तरी चालतं, पण रस्त्यावरून घर चकाकलं पाहिजे. मी शाळेत मास्तरकी करताना या प्रकाराला भरपूर हसलो, आणि स्वतःचं घर बांधायला काढल्यावर तोंड मिटून त्याच वाटेनं निघालो.

माझं कारण वेगळं होतं. घराचे कॉलम उभे राहिले आणि बायकोच्या पोटात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फारसं काही हातात नाही. असलं काही आजारी माणसाला सांगायची आमच्यात पद्धत नाही. सासरी नांदणारी लेक आणि मी मिळून ठरवलं, की साधी गाठ आहे, गोळ्यांनी जिरेल, एवढंच तिला सांगायचं. आणि बांधकाम जोरात चालू ठेवलं. घर चाललंय म्हणजे त्यात राहायचंही आहे, असं तिला वाटावं, एवढाच माझा डाव होता.

म्हणून समोरच्या भिंतीला काय लावायचं ते तिनंच ठरवायचं, असं मी जाहीर केलं आणि तिला फरशीच्या दुकानात घेऊन गेलो. भाड्याच्या खोल्यांत राहताना तिचं एकच म्हणणं असायचं, आपलं घर समोरून पांढरंशुभ्र पाहिजे. मी चिडवायचो, इथल्या काळ्या मातीत पांढरी भिंत म्हणजे रोजचं धुणं, पावसाळ्यात कमरेपर्यंत चिखल उडतो. ती म्हणायची, "मी धुईन की. तुमचं काय जायलंय?"

दुकानदारानं तिला खुर्ची दिली. मी पांढऱ्या फरशा तिच्यापुढं मांडायला लावल्या. तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या मातकट, खडबडीत दगडावर हात फिरवला आणि म्हणाली, "ह्योच लावा. ह्याच्यावर मळ दिसत न्हाई."

"अगं, पण तुला पांढरं पाहिजे होतं ना?"

"रोज कोण धुत बसंल?"

मला राग आला. इतकी वर्षं डोकं खाल्लं आणि आता ऐन वेळी हे, असं काहीतरी मी बोललोही. मग ओट्यासाठी पॉलिशची फरशी काढायला सांगितली. ओटाच नको म्हणाली. झाडायचा ताप, सडा टाकायचा ताप. दारापुढं सरळ सिमेंट करून टाका, म्हणाली.

दुकानदार बिचारा मधेच म्हणाला, "बरं ताई, उंबऱ्याला ग्रॅनाईट काळा देऊ का लाल?"

"उंबरा नको."

तो हसला. "ताई, बिनउंबऱ्याचं घर असतंय का कुठं?"

"ह्यांना आत्ताच अंधारात नीट दिसत न्हाई. अडखळून पडले तर उचलायला कोण हाय घरात?"

भाजीवालीशी बोलावं तशा आवाजात बोलली. परक्याच्या खोलीत राहतानाही रोज सकाळी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहणारी बाई ही. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी फरशांकडं पाहत राहिलो. तिला सगळं ठाऊक होतं. ती आमचं घर निवडतच नव्हती, माझं एकट्याचं निवडत होती. तिथंच तिचा हात धरायला पाहिजे होता, पण मी दुकानदाराला म्हणालो, "ही सांगते तसं लिहून घ्या."

बाहेर आल्यावर माझ्या मागं गाडीवर बसताना ती म्हणाली, "लेकीला सांगू नका मला कळलंय म्हणून. झुरत बसंल ती."

मी हो म्हणालो. त्यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. घराला रंग लागायच्या आत ती गेली.

आता मी तिथंच राहतो. भिंतीला वर्षभर पाणी लावावं लागत नाही, आणि त्याच गोष्टीचा मला संताप येतो. एवढी सोय मी कुणाला मागितली नव्हती. संध्याकाळी दार लावून घेतो आणि दिवा लावायचंही मनात येत नाही.

लेक पहिल्यांदा नव्या घरी आली तेव्हा दारातच थांबली. खाली पाहून म्हणाली, "बाबा, उंबरा कसा काय नाही?"

"राहून गेला," मी म्हणालो.

"आई असती तर लय भांडली असती तुमच्याशी."

"भांडली असती," मी म्हणालो, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.