जनाबाईंची पांढरी जागा

कुठल्याही क्लासचं असंच होतं. शिकवलेलं दोन महिन्यांत विसरायला होतं, किस्से मात्र डोक्यात घर करून बसतात. फोन निदान 'जागा संपली' म्हणून सांगतो तरी. माझ्या डोक्याला तीही सोय नाही!

मी कल्याणच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. रिटायर झाले आणि कळव्याच्या घरात भिंतींशी बोलायची वेळ आली. मग आमच्या बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी ज्येष्ठांसाठी फुकट क्लास सुरू केला. नेमाने येणारे तिघंच. पोस्टातून रिटायर झालेले कांबळेकाका, डोंबिवलीहून लेकीकडे राहायला आलेल्या सबनीसबाई, आणि कोलशेतच्या जनाबाई. त्याही इथे लेकीकडेच. या तिघांनी मला माझे शनिवार परत दिले. तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथे म्हणते.

*

जनाबाई पहिल्याच दिवशी फोन दाखवून म्हणाल्या, "बाय, मना बाकीचा काय शिकवू नको. यान माजी गानी हायेत, ती वाचव."

जनाबाई धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी म्हणणारी. आता हळदीला डीजे लागतो, धवलारणीला कोण बोलावतं? गाणी कागदावर कुठेच नाहीत. नातीने हौसेने व्हिडिओ करून ठेवलेली त्रेचाळीस गाणी तेवढी त्या फोनात, आणि फोन रोज उठून 'स्टोरेज फुल' म्हणून रडत होता. दुकानदार म्हणाला, "सगळं उडवून टाकू आजी, फोन एकदम नवा होईल." जनाबाई तिथून ज्या उठल्या त्या थेट माझ्याकडे!

मी हात पुढे केला. "द्या, दहा मिनिटांचं काम आहे."

फोन ब्लाउजमध्ये परत गेला. "आदी बघते तू कशी हाय ती!"

*

कांबळेकाकांनी एक टीबीची हार्ड डिस्क घेतली. घरी जोडली तर कॉम्प्युटर दाखवतो नऊशे एकतीस जीबी! काका बिल, डिस्क आणि खोकं घेऊन दुकानात हजर. "उरलेले कुठे गेले? पोस्टात पस्तीस वर्षं वजनं केलीत मी, मला माप शिकवू नका!"

दुकानदाराने हात जोडून त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी फळ्यावर लिहून दाखवलं की डिस्क बनवणाऱ्याचा हजार हा हजाराचा, आणि कॉम्प्युटर हजार म्हणतो तेव्हा मोजतो एक हजार चोवीस. प्रत्येक पायरीला थोडी थोडी तूट दिसते. जागा तेवढीच, मोजणारे दोन. काकांचं तोंड अजून कडूच.

मागून जनाबाई म्हणाल्या, "यान काय हाय? सुक्या बोंबलाचा शेकडा देतांना आमी वर चार टाकतो. घेनाऱ्याचा शेकडा येगला, मोजनाऱ्याचा येगला."

काका एकदम, "असं होय! मग सरळ सांगायचं ना मॅडम!"

वीस वर्षं लॅब सांभाळून मला जे जमलं नाही ते बोंबलाने केलं.

*

पुढचा किस्सा माझ्या फजितीचा आहे.

सबनीसबाईंचा जुना लॅपटॉप भरत आला होता. मी म्हटलं, बघा हं, जागा कशी होते ते! आणि सगळ्यांसमोर रीसायकल बिन रिकामी केली. चार जीबी मोकळे! काकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

सबनीसबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यात माझ्या आईची पत्रं होती."

"कचऱ्याच्या टोपलीत?"

"चोर कपाट उघडतो हो. कचरा कोण चिवडतं?"

शंभरावर पत्रं, एकेक करून स्कॅन केलेली. मूळ कागद घर बदलताना भिजून गेलेले. जनाबाईंनी एक हात फोनवर घट्ट दाबून धरला, हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

मी लॅपटॉप तिथेच बंद केला. डिस्क जुन्या पद्धतीची होती, त्यामुळे पुसलेलं लगेच मिटत नाही. वर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर आशा असते. डिस्क काढली, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि तीन दिवस त्याच्यासमोर बसले. दोन सोडून सगळी पत्रं मिळाली.

मी रडवेली होऊन सांगायला गेले, तर सबनीसबाईंनी आधी पाणी दिलं, मग साटोरी. म्हणाल्या, "ती दोन मला पाठ आहेत. तुम्ही खाऊन घ्या." माणसाने माफ करावं तर असं. मी अजून त्या साटोरीची ऋणी आहे. तेव्हापासून काहीही पुसायच्या आधी मी तीनदा विचारते.

*

मग कांबळेकाकांच्या फोनची पाळी आली. त्यात नऊ जीबी नुसत्या सुप्रभातच्या फोटोंचे! गुलाब, सूर्य, वाफाळता चहा, पुन्हा गुलाब.

"काका, पुसू?" मी तीनदा विचारलं.

"पुसा, पुसा. फक्त गायकवाडचे ठेवा."

गायकवाड हा त्यांचा पोस्टातला जोडीदार. रोज पहाटे पावणेसहाला त्याचा 'जयभीम, सुप्रभात' यायचा. गेल्या वर्षी तो वारला. रोज एकच फोटो, एकच गुलाब, चारशेच्या वर वेळा. मी म्हटलं, "सगळे सारखेच आहेत काका, एक ठेवूया का?"

काका म्हणाले, "सारखे कसे? तो रोज वेगळा उठायचा ना!"

मी गायकवाडांना हात लावला नाही. बाकीचं सगळं एकेक विचारून पुसलं, त्यात अख्खा तास गेला. फोन मोकळा झाला. जनाबाई तो तासभर माझ्या बोटांकडे बघत होत्या. शेवटी उठल्या, फोन काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"घे. आता दिला."

इतकं मोठं सर्टिफिकेट मला कॉलेजनेही दिलं नव्हतं.

*

जनाबाईंच्या नातीने चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह आणून दिला. मी त्रेचाळीस गाणी त्यात घेतली, एकेक लावून दाखवलं, आणखी एक प्रत कांबळेकाकांच्या त्या वादग्रस्त डिस्कवर टाकली. जनाबाईंनी पेनड्राइव्ह तळहातावर तोलून पाहिला. "गानी यान गेली तरी वजन तवराच?"

मी त्यांना स्क्रीनवरची पट्टी दाखवली. डावीकडे थोडासा निळा रंग. "ही तुमची गाणी."

"आन ही पांढरी?"

"ती रिकामी जागा."

"यवरी?"

"एवढी."

जनाबाईंनी त्या पांढऱ्या भागावरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग पेनड्राइव्ह रुमालात बांधला आणि निघाल्या. मला वाटलं, काम झालं, आता कशाला येतायत!

पुढच्या शनिवारी जिन्यावर बांगड्या वाजल्या. जनाबाई पुढे, मागे चार म्हाताऱ्या. कोलशेतहून दोन रिक्षा करून आलेल्या. सगळ्यात मागची तर भिंत धरून चढत होती, वय नव्वदीच्या आसपास असावं. सबनीसबाईंनी उठून तिला आपली खुर्ची दिली.

"ही माजी गुरू," जनाबाई म्हणाल्या. "मना हिनंच शिकवला. ती पांढरी जागा हाय ना, ती या चौघींची."

मी काही बोलायच्या आत त्यांनी रुमाल सोडला आणि पेनड्राइव्ह म्हातारीच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला, तोंडाजवळ धरला, डोळे मिटले आणि गायला लागली.

पेनड्राइव्हला कान नसतात, हे सांगायला मी तोंड उघडणार, एवढ्यात सबनीसबाईंनी माझा हात दाबला. कांबळेकाकांनी आपला फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आवाज न करता टेबलावर तिच्यासमोर ठेवला.