श्रद्धांजलीची पळती पट्टी

करी रोडच्या चाळीत राहणारी अक्षदा राणे लोकांना वेबसाइटी बनवून देते. गिऱ्हाईक म्हणजे एकेक नग! पान कितीही देखणं करा, शेवटी प्रत्येकाला वर पळती पट्टी हवीच. "अहो, वाचणाऱ्याचे डोळे गरगरतात," हे सांगून सांगून तिचा घसा बसला.

सौमित्रदादा त्यात सगळ्यांत हट्टी. चाळ पाडून टॉवर उठवणारा बिल्डर हाच, आणि मंडळाचा अध्यक्षही हाच. मंडळाच्या साइटवर वाढदिवस, अभिनंदन, श्रद्धांजली दिवसभर पळत असायचं. एक दिवस त्याने फोनवर नवा मजकूर सांगितला, "कै. रामजी घाडी यांना भावपूर्ण श्रद्धांजली."

अक्षदाने फोन कानाला धरूनच दाराबाहेर पाहिलं. रामजीकाका समोरच्या दारात लसूण सोलत बसले होते. अख्ख्या चाळीत बिल्डरला सही न दिलेले ते एकटेच.

"दादा, काका तर धडधाकट आहेत."

"माहितेय गं. तयार ठेव नुसती. ऐनवेळी धावपळ नको. आणि जरा सावकाश पळव, नाव दिसलं पाहिजे."

अक्षदाने फोन ठेवला. पोलिसांकडे जावं तर सांगायचं काय, पट्टी बनवायला सांगितली म्हणून? संध्याकाळी तिने काकांना गाठलं आणि हळूच सगळं सांगितलं.

"माका काय करतलो तो मेलो?" काका गरजले खरे, पण लगेच आत जाऊन दाराला कडी लावून बसले. आठवड्याच्या आत सही करून ते गावी निघून गेले. घर गेलं, पण माणूस तर वाचला, म्हणून अक्षदाने देवापुढे साखर ठेवली.

त्याच दुपारी दादाचा फोन. "सुंठीवाचून खोकला गेला बघ! वर्षभर माझी पोरं म्हाताऱ्याकडे खेटे घालत होती. तू एका संध्याकाळीत काम केलंस."

"मी? मी काय केलं?"

"सांगितलंस ना त्याला? तू सांगणार, ठाऊकच होतं. आम्ही सांगितलं की धमकी होते. चाळीतल्या लेकीने सांगितलं की ती काळजी." तो मजेत हसला. "आता भोईवाड्याची चाळ घेतोय. तिथे जाईबाई म्हणून एक सही देत नाही. तुझी सख्खी आत्या ना गं ती? लिही नाव."

अक्षदाला स्वतःची शिसारी आली. "मी तिला काही सांगणार नाही," ती कशीबशी म्हणाली.

"नको सांगूस," दादा शांतपणे म्हणाला. "मग पट्टी चालूच करू."