खिशातल्या मुंग्या

बाबांच्या सदऱ्याच्या खिशात मुंग्या निघाल्या तेव्हाच माझं डोकं सटकलं. धुवायला टाकायच्या आधी मी सदरा झटकत होते, तर वरच्या खिशातून लाल मुंग्यांची रांगच बाहेर पडली. आता मला सांगा, चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पंधरा वर्षांपासून शुगर, त्याच्या खिशात मुंग्यांचं काय काम?

मी मुळातच संशयी बाई आहे. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, घराजवळच्या गोरखपूर बाजारात भाजीवाल्यानं कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त टाकल्या, तर मी घरी येऊन पिशवीच्या तळाशी सडका टमाटर शोधते. शाळेत शिकवते, पोरांच्या वह्या तपासून तपासून नजरच तशी झाली असेल. त्यात आई जाऊन तीन वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, भाऊबहीण कोणी नाही, घरात आम्ही दोघंच. बाबांना काही झालं तर मागं मी एकटी उरते, हे मी कोणाजवळ बोलत नाही. ती सगळी भीती भांडणातून निघते, आणि भांडायला घरात बाबाच असतात.

दीर्घायुष्याचे सल्ले द्यायला तर लोक टपलेलेच असतात. कोणी जवस खा म्हणतं, कोणी उपाशीपोटी कोमट पाणी, कोणी मोबाईलवर शंभरी गाठलेल्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ पाठवून देतं. माझा एकावरही विश्वास नाही. माझा कायदा साधा होता. सकाळी मैदानाला फेऱ्या, दुपारी बाराच्या आत पोटभर जेवण, संध्याकाळी साडेसातला एक ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी आणि वरून गोळी. बरगी धरणाची मासळी फक्त रविवारी. गोड बंद म्हणजे बंद.

साडेसातला माझी समोरच्या खोलीत गणिताची ट्यूशन चालायची. म्हणून मी बाबांचं ताट झाकून ठेवायची आणि ते आत बसून जेवायचे. नऊच्या सुमारास मी आत जायची तर थाळी धुऊन पालथी घातलेली, पाकिटातली एक गोळी कमी झालेली. सगळं नियमात. तरी माणूस वाळत चालला होता. गाल बसले, सदरे लोंबायला लागले. शुगर वाढली की माणूस असाच वाळतो, हे मला माहीत होतं. घरातलं तपासायचं मशीन बंद पडलेलं, नवीन आणू आणू म्हणत मी महिना घालवला होता. त्यात या मुंग्या! मला वेगळा पुरावा कशाला पाहिजे होता?

पहिला संशय खोव्याच्या जिलेबीवर गेला. कोपऱ्यावरच्या हलवायाला जाऊन मी सरळ विचारलं की बाबूजी इथे येतात का, आणि येत असतील तर यापुढे त्यांना काही द्यायचं नाही. तो माणूस चांगलाच दुखावला. बाबूजी त्याच्या दुकानासमोरून जाताना नमस्कार तेवढा करतात, म्हणाला. मला वाटलं, हा पण बाबांना मिळालेला आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओढणी डोक्यावरून घेऊन बाबांच्या मागं निघाले. वाटेत दोन शेजारणी भेटल्या, दोघींनी विचारलं की दीदी कुठे, आणि दोघींना मी खोटं सांगितलं. बाबांनी मैदानाच्या दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला पाय घासत चालले, बाकावर बसले, इकडं तिकडं पाहिलं, खिशात हात घातला आणि काहीतरी तोंडात टाकलं. मी झाडामागून निघून थेट पुढ्यात उभी राहिले. हातात गुळाचा खडा होता, सुपारीएवढा.

"सकाळी जरासं कसंतरी होते, माय," एवढंच बोलले ते.

मी म्हटलं, गोड खाल्ल्यावर कसंतरी नाही होणार तर काय होणार? बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांसमोर मी त्यांना पोरासारखं झापलं. गूळ काढून घेतला, घरी येऊन गुळाचा डबा कपाटात टाकला आणि कुलूप लावलं.  एरवी माझ्या एका वाक्याला दोन वाक्यं ऐकवणारा माणूस, त्या दिवशी सरळ आत जाऊन पडून राहिला. तिथंच मला खटकायला पाहिजे होतं. पण मी चोर पकडला होता ना, मी आपल्याच तोऱ्यात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला निघालेच नाहीत. मी मागच्या दारी गेले तर बाबा धुण्याच्या दगडाजवळ खाली बसलेले, सदरा घामानं चिंब, हात लटलटा कापून राहिले होते. मी खांदा धरून हलवलं तर माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही कोण जी?"

 मी ओरडले असेन, कारण मागच्या गल्लीतली शेजारीण धावत आली. ती दवाखान्यात नर्स होती, आता घरीच असते. एक नजर टाकली आणि म्हणाली, "दीदी, शक्कर घोलो, जल्दी." आणि मी, शहाणी, तिलाच अडवत होते की अहो, यांना शुगर आहे, साखर कशी देता! तिनं मला बाजूला सारलं, स्वतः स्वयंपाकघरात शिरली, पाण्यात साखर कालवली आणि घोट घोट करून पाजली. बाबांना अजून गिळता येत होतं, हे आमचं नशीब. पाचदहा मिनिटांत नजर ठिकाणावर आली. मग ऑटो केली आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

साखर वाढलेली नव्हतीच. ती पार खाली गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, रात्री काय जेवले?  मी भाकर, वरण, भाजी असं म्हणून दाखवलं. तेव्हा सोबत आलेली शेजारीण चाचरत बोलली, बाबूजी तर रोज संध्याकाळी आपली भाकर मागच्या गल्लीतल्या कुत्र्याला घालतात, तिला वाटलं होतं उरलेली असेल. डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही झापलं. उपाशीपोटी ही गोळी घेणं म्हणजे जिवाशी खेळ. जेवणाची वेळ बदलायची असेल तर आधी येऊन विचारायचं, मग गोळी बदलता येते. आणि मशीनशिवाय महिनाभर कशा राहिलात, हे मला. तो गुळाचा खडाच त्यांना रोज सकाळी सावरत होता. मी तोच कुलपात घातला होता.

घरी आल्यावर सगळं निघालं. आई असताना दोघं दर पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे बौद्ध उपासकाचे आठ नियम, घ्यायचे. त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्न नाही, फक्त पाणी. आई गेल्यावर बाबा एकटेच ते पाळत होते, हे मला माहीत होतं. पण विहारातले भन्तेजी नव्वदीला टेकलेले, दुपारनंतर कधी जेवत नाहीत आणि अजून पायऱ्या झपझप चढतात. त्यांना पाहून बाबांनी ठरवलं की जास्त जगण्याची किल्ली इथंच आहे. पौर्णिमेचं रोजचं केलं. मी ओरडेन म्हणून लपवलं. गोळी मात्र चुकवली नाही, कारण गोळी घ्या असं मीच बजावलं होतं.

"पण काहून, बाबा? कशासाठी इतकं?"

बाबा पायाची बोटं चोळायला लागले. मग म्हणाले, "तुझ्या मायनं जातानी सांगतलं होतं, पोरीले एकटी टाकू नका. आता ते का माह्या हातात आहे? तरी म्हटलं, होईन तेवढं लांबवून पाहू."

मला लाज वाटली. इतकी की तोंड धुवायचं निमित्त करून उठले आणि नळ सोडून रडले. माझ्यासाठी जगायची खटपट करणाऱ्या माणसाचे मी खिसे तपासत होते.

ट्यूशन मी पाच वाजता केली. नवं मशीन त्याच दिवशी आणलं. डॉक्टरांना विचारून पौर्णिमेपुरती गोळीची वेगळी सोय करून घेतली. आणि साडेसातला ताट घेऊन बाबांच्या समोर बसले. त्यांचा एकेक घास मी मोजत होते, खोटं कशाला सांगू. त्यांनी भाकर संपवली, गोळी घेतली आणि माझ्या ताटाकडे बोट केलं.

"आता तुह्यं दाखव."

ताटात अर्धी भाकर आणि लोणचं होतं.

"तीन वर्षं झाले, ओट्यापाशी उभ्या उभ्या खाऊन राहिली तू," ते म्हणाले. "मले वाटे, आज बसन, उद्या बसन. मी शंभर वर्षं जगलो अन् तू आधी गेली, तर मी काय करू, माय?"

त्यांनी टोपल्यातली एक भाकर माझ्या ताटात टाकली, वर वरण वाढलं.  मी खाली मान घालून जेवत राहिले आणि माझं ताट रिकामं होईपर्यंत बाबा समोरून उठले नाहीत.