‘बरोबर’ म्हटल्याशिवाय उत्तर नाही

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाचा एक नियम होता आणि बाहेरच्या माणसाला तो सांगितला की त्याला हसूच यायचं. गणपतीत एका दुपारी वाद असायचा. कुणीही उठावं, काहीही मांडावं. पण त्याला उत्तर द्यायचं असेल, तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने नीट सांगायचं. तो ‘बरोबर’ म्हणाला की मगच आपलं उत्तर. नाही म्हणाला तर पुन्हा सांगा. एका वर्षी मोदक तळलेले की उकडलेले यावर दोन काका अर्धा तास झाला तरी ‘बरोबर’वर येईनात, शेवटी आरतीच सुरू केली.

मी दहावीत होते तेव्हा थोरला भाऊ कॉलेजात होता. सदर बाजारातल्या एका टोळक्यात त्याची ऊठबस सुरू झाली आणि आमच्या घरचं जेवण बिघडलं. दादा पत्रकं आणायचा. लक्ष्मी गेटच्या मुसलमान बांगडीवाल्यांकडून काही घेऊ नका, त्यांना तिथून उठवा, असलं काहीबाही त्यात असायचं. बाबा रेल्वेत कारकून, आवाज चढवणं त्यांना जमायचं नाही, पण पानावर बसले की ते एकेक मुद्दा काढून दादाला विचारत आणि दादा ताट सरकवून उठे. एकदा तो असा गेल्यावर बाबा आईला म्हणाले, पोरगा हातचा चाललाय. बाबांना घाबरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. 

त्या वर्षी दादाने वादात आपलं नाव दिलं. विषय वाचून मंडळाचे अध्यक्ष दोघातिघांना घेऊन घरी आले. बाबा मंडळाचे चिटणीस. मुलाचं नाव खोडा, नाहीतर मंडळाची अब्रू जाईल, असं त्यांचं म्हणणं. मलाही मनातून तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू, दादाच्या तोंडाला कुलूप घालावं असंच मला वाटत होतं. बाबांनी सगळ्यांना चहा दिला आणि सांगितलं, की त्या पत्रकातलं अक्षर न् अक्षर मला विषासारखं वाटतं, त्या टोळक्याने कुणाच्या दुकानाला हात लावला तर आडवा पडेन. पण बोलण्यावर खोडरबर फिरवणार नाही. इथे बोलला तर त्याला उत्तर तरी देता येईल, तिकडे सदर बाजारात कोण देणार? अध्यक्ष म्हणाले, मग उद्या काही झालं तर चिटणीसपद सोडा. बाबा म्हणाले, सोडीन.

आता बांगडीवाल्या चाचीबद्दल सांगायला हवं. लक्ष्मी गेटला तिचा गाळा होता. गौरी-गणपतीत बायकांना बांगड्या भरायला ती टोपली घेऊन मंडळातच यायची. आईच्या लग्नाचा हिरवा चुडा तिचा, दादाच्या बारशाला त्याच्या इवल्या मनगटांत काळ्या बांगड्या चढवल्या त्याही तिनेच. घरात आई तिच्याशी मराठीत बोले, ती हिंदीत उत्तर देई, आणि त्यात काही वेगळं आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. मराठीत बोललं की आपल्यातच राहतं, हा आम्हा झाशीच्या मराठी माणसांचा जुना भ्रम. चिरगावच्या बसमध्ये आम्ही शेजारच्याच्या मिशांवर खुशाल मराठीत बोलायचो. ऐकणारा काय समजायचा, देव जाणे.

वादाच्या दुपारी चाची मागे सतरंजीवर टोपली आवरत बसली होती. दादा उठला. बोलतो छान मेला, ते काही खोटं नाही. आपण किती दिवस हातात बांगड्या भरून बसणार, असंही म्हणाला, तेही तिच्यासमोर! माझे कान तापले. त्याच्याबरोबर आलेल्या टोळक्यातल्या दोन मुलांना मराठी कळत नव्हतं, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा उत्तराला उभे राहिले. नियमाप्रमाणे त्यांनी दादाचं म्हणणं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. बांगडीवाल्यांकडून कुणी काही घेऊ नये, दिवाळीच्या आत त्यांनी गाळे सोडावे, न सोडले तर सोडायला लावावे. दादा मान ताठ करून ‘बरोबर’ म्हणाला.

बाबा पुढे बोलणार तेवढ्यात मागून चाची उठली. तिने हिंदीत बाबांना विचारलं, भाईसाब, जवाब मैं भी दे सकती हूँ? अध्यक्ष चुळबुळले. बाबा म्हणाले, इथे बसलेल्या कुणालाही देता येतं. आणि ते बाजूला सरकले.

चाची मराठीत बोलायला लागली. मोडकं होतं, पण आमच्याच घरचं मराठी, आईच्या हेलाचं. सगळे तिच्याकडे बघतच राहिले. दादाचा चेहरा तर पांढराफटक पडला.

“तू म्हणतोस, दिवाळीच्या आत मी जावं,” ती म्हणाली. “गेले नाही, तर तुम्ही मला घालवणार. बरोबर?”

दादा खाली बघू लागला. ती वाट पाहत उभी. मला वाटलं, बाबा आता त्याची सुटका करतील. त्यांनी केली नाही. त्यांनी मांडवाचा खांब घट्ट धरलेला मला दिसत होता, आणि त्या क्षणी मला बाबांचाही राग आला, इतकं काय पोराला ताणायचं.

चाचीच पुढे आली. आवाज अगदी हळू, बारशाच्या बाळाशी बोलावं तसा.

“घाबरू नको, भैया. तुझे बाबा इथे कुणाला अडवत नाहीत. तू ‘बरोबर’ म्हण, म्हणजे मला बोलता येईल.”

“मला नाही म्हणवत, चाची,” दादा म्हणाला आणि रडायला लागला.

त्याच्याबरोबरची मुलं उठून निघून गेली. चाचीने त्याला आपल्या शेजारी, बायकांच्या सतरंजीवर बसवलं आणि आईकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला. अध्यक्षांनी बाबांना खूण केली, तुमचं उत्तर होऊ द्या. त्यांनी टेबलावरची घंटी दोनदा वाजवली, तरी बाबा उत्तराला पुढे आले नाहीत; खांब सोडून ते दादाशेजारी सतरंजीवर जाऊन बसले.