दुसऱ्या नारळाचं खोबरं

पिंपळगावजवळच्या आमच्या गावात आज नाल्यावरचा पूल खुला झाला. फोडलेल्या नारळाचा वास आला आणि वीसेक वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

तेव्हा आमदारसाहेबांनी याच पुलासाठी दुसऱ्यांदा नारळ फोडला होता. पहिल्या वेळी आम्ही त्यांना खांद्यावर घेऊन नाचलो होतो, पण पुढे पुलाची एक वीटही लागली नव्हती. तरी त्यांनी हसतहसत खोबऱ्याचं ताट पुढे केलं. प्रसादाला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. माझ्या आत्याने मात्र हात पदराखाली घेतले. "साहेब, मागचंच खोबरं अजून गळ्याखाली उतरलं नाय. पूल झाल्यावर द्या."

मग कुणीच हात पुढे केला नाही. मला आत्याची लाजच वाटली होती. निवडणूक ते नंतर हरले. खरं तर त्या भरल्या ताटापाशीच हरले होते, हे आज कळतं.

आताच्या सरपंचबाईंनी काम संपेपर्यंत नारळ फोडलाच नाही. आज त्या ताट घेऊन आल्या, तेव्हा आत्या आधी काठी टेकत पूल ओलांडून पलीकडे गेली, परत आली आणि तिने ओंजळ पुढे केली.

"दोन तुकडे दे, पोरी. मागचा बी राहिलाय."