लोखंडी गाडी आणि बाजरीच्या भाकरी

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. नंतर नाकातून चहा आला तर मी जबाबदार नाही!

गाड्या फोडून होणाऱ्या चोऱ्यांवर बीड जिल्ह्यात माझ्याइतकं कोणी पेपरात लिहिलं असेल तर दाखवा. पोलिसांना झोडपलं, पुढाऱ्यांना झोडपलं, एकदा तर कुलपं विकणाऱ्या दुकानदारालाही झोडपलं. त्यामुळे चुलत भावाची बायको, कमलवहिनी, म्हणाली, "भाऊजी, जत्रेला दागिने न्यायला गाडी घ्यायचीय," तेव्हा वाटलं, बाई योग्य माणसाकडे आली!

बाई मात्र जबरदस्त. भाऊ केजला दुकानात बसतो, आणि ही स्वतः गाडी हाकत जत्रा-जत्रा फिरते. पाल ठोकते, जोडवी, पैंजण, सोन्याची डोरली मांडते. समोरच्या बाईला काय हवंय आणि ती घरी नवऱ्याला काय सांगणार, दोन्ही हिला आधीच कळतं! पण हल्ली परतीच्या वाटेवर एक मोटारसायकल मागे लागत होती. माल गेला तर दुकान गेलं. भावाची झोप उडाली होती.

मी फर्मावलं, "जाड लोखंडाची बंद गाडी घ्या. खिडक्यांना जाळ्या, दाराला दुहेरी कुलूप, वर भोंगा!"

"एवढं बघून चोराला कळंल की, आत काय हाय ते."

"कळू द्या! घाबरेल!"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मग लिंबाखाली उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे. मागचं दार सुतळीनं बांधलेलं, पुढे ‘प्रेस’ लिहिलेलं, बाजूची काच अर्ध्यावर अडकलेली, डिकीत जुन्या पेपरांची रद्दी. "बरं," ती म्हणाली, "आधी एका जत्रेपुरती भाड्यानं आणू. तुमी तुमची गाडी घिऊन मागं या."

नारायणगडाच्या जत्रेला निघताना तिनं माझ्या डिकीत दोन मोठे डबे सरकवले. "भाकरी हायत, भाऊजी."

जत्रेत मी त्या लोखंडी गाडीपुढे छाती काढून उभा. कोणी जवळ आलं की डोळे वटारायचे! फक्त वहिनीच्या हाकांचा वैताग. "भाऊजी, भाकरीचा डबा आणता का?" थोड्या वेळानं पुन्हा, "भाऊजी, दुसरा डबा!"

"भाकरी आहेत की जातं? हात तुटले माझे!"

"बाजरीच्या हायत. जड असत्यात."

हा दुसरा डबा चहावाल्याच्या बाकावर ठेवून मी त्याच्याशी पाणचट चहावरून यथेच्छ भांडलोसुद्धा. मग डबा वहिनीकडे दिला. वहिनीनं आत डोकावलं आणि दोन्ही डबे माझ्याच हातानं डिकीत परत पाठवले. इतकं कोण जेवतं, हा प्रश्न मला पडायला नको होता का? आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेत मी!

परत येतो तर एक म्हातारा लोखंडी गाडीभोवती घिरट्या घालतोय. धरलं मनगट! "कावून बे, काय टेहळतोस?"

"आवं, मागचं टायर बसलंय. त्येच सांगाया आलतो."

"टायर? मला शिकवतोस? आत सोनं आहे हे कळलंय तुला, म्हणून आलास!"

एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पाळणा थांबला. गर्दी जमली. "सोनं हाय म्हणं!" "कुठं?" "ह्या लोखंडी गाडीत!" हवालदार आला. म्हणाला, "उघडा गाडी, माल दाखवा. आता पंचनामाच करू."

मीही पेटलो. वहिनीच्या पर्समधून किल्ली आणली, दोन्ही कुलपं उघडली. आत एक सतरंजी. बस!

"दरोडा!" मी किंचाळलो. "दिवसाढवळ्या दरोडा! उद्या पहिल्या पानावर घेतो!"

वहिनीनं हात धरून मला बाजूला ओढलं. "ओरडू नका. माल हाय जागेवर."

"कुठे?"

"तुमच्या डिकीत. भाकरीच्या डब्यात."

पायातली चप्पल तिथंच राहिली! धावत रस्त्यावर आलो. माझी गाडी होती तशीच. सुतळी शाबूत, डबे शाबूत. सावलीला एक मेंढपाळ बिडी ओढत बसला होता. माझी दशा बघून म्हणाला, "कावून पळताय सायेब? ह्या गाडीला कोण हात लावतंय? पत्रकाराची हाय. शिव्या खायच्या, आन् मिळणार काय? रद्दी!"

टायर सांगणाऱ्या त्या म्हाताऱ्याला मी चहा पाजला. त्याच चहावाल्याकडे. पाणचट.

संध्याकाळी वहिनी पाल आवरत होती. मी विचारलं, "वहिनी, आधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी त्येबी ओरडून सांगितलं असतं की."

गाड्यांच्या एवढ्या कंपन्या, एवढ्या जाळ्या, एवढे भोंगे. आणि साऱ्या जिल्ह्यातली सगळ्यात सुरक्षित गाडी या बाईनं लिंबाखाली एका नजरेत हेरली!

लोखंडी गाडी दुसऱ्या दिवशी परत गेली. आता प्रत्येक जत्रेला वहिनी माझी गाडी नेते. सुतळीसकट.

मी? मला एसटीनं यायला सांगितलंय. तेही जत्रा संपल्यावर.